यंत्र उत्तम, मतपत्रिका अपुरी : लोकसभा २०२४ मधील मतदान सेवेचे परीक्षण

मतदान ही नागरिकाला दर काही वर्षांनी मिळणारी सेवा आहे, आणि कोणत्याही सेवेप्रमाणे तिचेही परीक्षण व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. ७ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तिसऱ्या टप्प्यात, सातारा मतदारसंघातील एका गावच्या शाळेत मी आणि माझ्या घरी राहणाऱ्या माझ्या आत्याने मतदान केले. आत्या तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. पुढे जे लिहिले आहे ते उमेदवारांविषयी किंवा पक्षांच्या गुणदोषांविषयी नाही. मतदाराच्या हाती जे साधन दिले जाते, म्हणजे मतदान यंत्र, त्यावरची मतपत्रिका आणि शेजारची चिठ्ठीची पेटी, ते साधन आत्यासारख्या मतदाराला वापरायला कसे आहे, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे.

ही निवडणूक महाराष्ट्रासाठी नेहमीची नव्हती. २०१९ च्या विधानसभा निकालानंतर राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी, पाच दिवसांनी आलेले तीन पक्षांचे सरकार, जून २०२२ मधील शिवसेनेतील फूट आणि जुलै २०२३ मधील राष्ट्रवादी काँग्रेसमधील फूट, असे एकामागून एक धक्के पाच वर्षांत राज्याने पाहिले. या धक्क्यांचा मतदाराच्या दृष्टीने सर्वांत थेट परिणाम झाला तो चिन्हांवर. निवडणूक चिन्हांविषयीच्या १९६८ च्या आदेशातील परिच्छेद १५ नुसार निर्णय देऊन आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ ही चिन्हे एकेका गटाला दिली. शिवसेनेच्या उरलेल्या गटाकडे मशाल आली आणि राष्ट्रवादीच्या उरलेल्या गटाकडे तुतारी वाजवणारा माणूस. हे शेवटचे चिन्ह २२ फेब्रुवारी २०२४ रोजी मिळाले, दोन दिवसांनी रायगडावर त्याचे अनावरण झाले आणि साताऱ्यात मतदान झाले ते त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत. घड्याळाचेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्यामुळे, त्या चिन्हाचा वापर न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन आहे अशी जाहीर सूचना संबंधित पक्षाने द्यावी, असा अंतरिम आदेश न्यायालयाने मार्चमध्ये दिला होता. चार गट आणि चार चिन्हे, आणि त्यातल्या दोन चिन्हांना जुनी ओळखच नाही, अशा स्थितीत लोक रांगेत उभे राहिले.

आत्याने याआधीही अस्थिर काळातली लोकसभा निवडणूक पाहिली होती. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले आणि चार वर्षांत तिसऱ्यांदा देशाला लोकसभेसाठी मतदान करावे लागले. त्याच जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली, आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. पांढरी मतपत्रिका लोकसभेची आणि गुलाबी विधानसभेची, हे आत्याला आजही पाठ आहे. हाताचा पंजा एका बाजूला आणि नवे घड्याळ दुसऱ्या बाजूला, हा फरक तिने आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी तीन महिन्यांत पक्का केला. म्हणजे नवे चिन्ह ओळखायला मिळालेला वेळ तेव्हाही फार नव्हता. त्यामुळे २०२४ मधल्या गोंधळाचे कारण केवळ घाई असे मला वाटत नाही. घड्याळ हे एका शब्दात सांगता येणारे चित्र आहे. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे तीन शब्दांचे नाव आहे, आणि लोकांच्या तोंडी त्यातला एकच शब्द उरतो.

आता सेवेकडे वळतो. आम्ही सकाळी साडेसातच्या सुमारास केंद्रावर पोहोचलो आणि पाऊण तासात बाहेर आलो. मे महिन्याच्या उन्हात सावलीसाठी मांडव होता, पिण्याचे पाणी होते, उतार बांधलेला होता आणि वृद्धांना रांगेत पुढे घेतले जात होते. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत नाव पाहून मोठ्याने वाचले, दुसऱ्याने डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून सही घेतली, तिसऱ्याने मतदार चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राचे बटण दाबले. ही साखळी इतकी घोटलेली आहे की कुठेही अडखळत नाही. कर्मचारी बहुतेक शिक्षक होते, आदल्या दिवशीपासून तिथे मुक्कामाला होते आणि तरीही आत्याशी अत्यंत अदबीने बोलले. या भागाला पाचपैकी पाच गुण देताना मला संकोच वाटत नाही.

यंत्राबद्दलही माझी तक्रार नाही. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे गावातली वीज गेली तरी मतदान थांबत नाही. निळे बटण बोटाच्या पेराएवढे मोठे आहे, दाबल्यावर नावासमोर लाल दिवा लागतो, नियंत्रण यंत्रातून लांब आवाज येतो, आणि एकदा मत नोंदले की अधिकाऱ्याने पुन्हा बटण दिल्याशिवाय दुसरे मत जात नाही. उजव्या कडेला ब्रेलमध्ये क्रमांक आहेत. अशिक्षित माणसालाही दाबायचे काय हे विचारावे लागत नाही, ही त्या रचनेची खरी कमाई आहे.

अडचण सुरू होते ती यंत्राच्या तोंडावर बसवलेल्या कागदापाशी. त्या पांढऱ्या कागदावर एका ओळीत अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव, त्याचे टपाल तिकिटाएवढे छायाचित्र आणि चिन्ह असते. एका यंत्रावर सोळा ओळी मावतात आणि शेवटची ओळ ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची असते. नावांचा क्रम ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष, व प्रत्येक गटात वर्णानुक्रम. ही व्यवस्था न्याय्य आहे, पण ती वाचता येणाऱ्याच्या सोयीची आहे. ज्याला वाचता येत नाही तो वरून खाली चित्रे पाहत जातो आणि ओळखीचे चित्र दिसले की थांबतो. इथे चिन्हाचे नाव छापलेले नसते, फक्त काळ्या रेषांचे चित्र असते. तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चित्रात तोंडाला वक्र तुतारी लावलेली आकृती आहे. त्या चौकटीत ते चित्र इतके बारीक होते की माणूस आणि वाद्य वेगळे करून पाहायला मला, चष्मा लावून, क्षणभर थांबावे लागले. पुठ्ठ्याच्या आडोशामुळे कागदावर सावली पडलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. खोलीत खिडकी होती, पण आडोसा तिच्याकडे पाठ करून ठेवलेला होता.

आणि त्याच कागदावर खाली, अपक्षांमध्ये, ‘ट्रम्पेट’ हे मुक्त, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेले, चिन्ह होते. लोक त्याला पिपाणी म्हणतात. मराठीत मात्र त्याचे अधिकृत नाव ‘तुतारी’ असे देण्यात आले होते.

केंद्राबाहेर भिंतीवर उमेदवारांची यादी लावलेली होती. आत जाण्यापूर्वी मी ती आत्याला वाचून दाखवत होतो. यादीत चिन्हांची नावे अक्षरांत होती, चित्रे नव्हती. एका उमेदवारापुढे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि दुसऱ्यापुढे ‘तुतारी’ असे मी वाचले, तेव्हा आत्याने मला थांबवले. “आगं बाई, दोन-दोन तुताऱ्या? मग मानसं वाजवा तुतारी म्हणत्यात, ती कंची?” शेजारी उभ्या असलेल्या दोन बायाही यादीकडे पाहू लागल्या. मी फरक सांगितला. त्यावर त्यांतली एक म्हणाली, “तुतारी म्हंजी तुतारी. त्यात मानूस कशाला हुडकायचा?” तिचे म्हणणे मी आजवर विसरू शकलेलो नाही, कारण भाषेच्या दृष्टीने ती पूर्णपणे बरोबर होती. तिला जे नाव सांगितले गेले होते, तेच नाव यादीत छापलेले होते, आणि त्या नावासमोर दुसराच उमेदवार होता.

यात प्रचार करणाऱ्यांचाही वाटा आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. ‘रामकृष्ण हरी, वाजवा तुतारी’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. तिच्यात वारकरी परंपरेचा नाद होता, ती पोरांच्याही तोंडी बसली, पण तिने लोकांच्या मनात माणूस न बसवता वाद्यच बसवले. तरीही घोषणा निवडणे हे पक्षाचे काम आहे आणि दोन चिन्हांना एकच नाव न देणे हे व्यवस्थेचे काम आहे. दुसरे काम चुकले तर पहिल्याची चूक भरून निघत नाही.

मतदान झाल्यावर बाहेर येऊन आत्या म्हणाली, “बटण दाबलं, दिवा लागला, आवाज आला. चिठ्ठीबी दिसली. पण तिच्यावर काय काढलंय ते बघंस्तवर ती खाली गेली.” तिने कुणाला मत दिले ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. मात्र तिच्या या वाक्यात चिठ्ठीच्या पेटीचे नेमके परीक्षण आहे. व्हीव्हीपॅट म्हणून ओळखली जाणारी ही पेटी मतदाराला अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआडून सात सेकंद दाखवते आणि मग चिठ्ठी कापली जाऊन आत पडते. २०१९ पासून ती देशभर प्रत्येक केंद्रावर आहे. आपले मत आपल्याला हवे तिथेच गेले, याची खात्री मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी करावी, हा तिचा हेतू. वाचणाऱ्याला सात सेकंद पुरतात. परंतु ज्याला आधी लाल दिव्याकडे, मग शेजारच्या पेटीकडे मान वळवायची, काचेतून नजर स्थिर करायची आणि मग रेषांचे चित्र ओळखायचे आहे, त्याचे निम्मे सेकंद मान वळवण्यातच जातात. चिठ्ठीवर छायाचित्र नसते, त्यामुळे चेहऱ्यावरून खात्री करण्याची सोयही तिथे संपते. याच निवडणुकीच्या काळात, २६ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्या निकालाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. चिठ्ठी मोजली जावी का, याची चर्चा झाली. ती आत्याला वाचता येते का, याची झालीच नाही.

४ जूनच्या निकालाने जे दाखवले ते सर्वांसमोर आहे. साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावर लढलेल्या शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला, आणि पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. दिंडोरीत त्याच चिन्हावर लढलेले भास्कर भगरे एक लाख तेरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, पण तिथे पिपाणीवरच्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मते पडली, आणि त्या अपक्षाचे आडनावही भगरेच होते. यातले प्रत्येक मत चुकूनच पडले, असे मी म्हणणार नाही. मत देणाऱ्याच्या मनात काय होते हे कोणत्याही आकड्यावरून सिद्ध होत नाही, आणि अपक्षाला मत देण्याचा हक्क तितकाच खरा आहे. साताऱ्याचा निकाल वेगळा लागला असता असा दावाही मला करायचा नाही. मात्र ज्या साधनाच्या वापरानंतर इतक्या मोठ्या संख्येविषयी असा संशय उरतो, ते साधन आपल्या कामात कमी पडले, एवढे म्हणण्याचा अधिकार मतदार म्हणून मला आहे.

हा दोष एका पक्षाला भोवणारा नाही, हे सांगण्यासाठी रायगडचे जुने उदाहरण पुरेसे आहे. २०१४ मध्ये सुनील तटकरे तिथे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले, आणि त्याच मतपत्रिकेवर असलेल्या दुसऱ्या सुनील तटकरे नावाच्या उमेदवाराला ९,८४९ मते होती. मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापायला सुरुवात झाली ती २०१५ मध्ये, आणि नामसाधर्म्याचा गोंधळ टाळणे हाच तिचा हेतू होता. म्हणजे व्यवस्था दाद देते, असे मला वाटते, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहिण्यात अर्थ आहे.

चिन्हांचा इतिहास पाहिला तर ही जबाबदारी किती जुनी आहे ते कळते. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदार निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र लोखंडी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवले होते, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पेटीत टाकायची होती. त्या काळी चित्र पेटीएवढ्या जागेवर होते. मतदार त्याच्यासमोर उभा राहायचा. पुढे सर्व चिन्हे एका कागदावर आली, शिक्का आला, मग यंत्र आले, आणि प्रत्येक टप्प्यावर मतमोजणी सोपी होत गेली, पण चित्राची जागा आक्रसत गेली. आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली कितीतरी मुक्त चिन्हे आजही वापरात आहेत. ती चित्रे स्वच्छ आणि जाणीवपूर्वक साधी आहेत. २०२४ मध्ये आलेले माणसाचे चित्र मात्र त्या साधेपणाच्या कसोटीवर उतरत नाही. माणूस, वाद्य, फेटा आणि हाताची वळणे एवढे तपशील एवढ्याशा चौकटीत मावत नाहीत.

यानंतर काय बदलले तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या वेळी, तुतारी वाजवणाऱ्या माणसाचे चित्र मतपत्रिकेवर अधिक ठळक करण्याची मागणी आयोगाने मान्य केली, पण पिपाणी हे चिन्ह मुक्त चिन्हांच्या यादीत राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी सुधारणा जाहीर केल्या. छायाचित्र रंगीत असेल, त्यातल्या तीन चतुर्थांश जागेत चेहरा असेल, अनुक्रमांक तीस आकाराच्या जाड टाइपात असेल आणि सर्वांची नावे एकाच टाइपात व एकाच आकारात असतील. बिहारपासून त्याची सुरुवात झाली. चेहरा मोठा होणे हा फार चांगला बदल आहे आणि आत्यासारख्यांना त्याचा थेट उपयोग होईल. परंतु या सुधारणा चेहरा, नाव आणि आकडा यांच्याबद्दल आहेत. लोकांच्या तोंडी चिन्हाचे जे नाव बसते त्या नावाची तपासणी कोणी करायची, हा प्रश्न तिथेच आहे. मुक्त चिन्हांच्या यादीचे मराठीकरण करताना, एका चिन्हाचे नाव दुसऱ्या चिन्हाच्या नावात पूर्ण सामावले जात नाही ना, एवढे पाहिले तरी साताऱ्याच्या भिंतीवरची ती यादी वेगळी दिसली असती. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही; मराठी जाणणाऱ्या माणसाने एक दुपार द्यावी लागते.

मोबाइलवरच्या मतदार हेल्पलाइन ॲपबद्दलही दोन शब्द. नाव शोधणे, केंद्र कुठे आहे ते पाहणे, उमेदवाराचे शपथपत्र उघडणे, हे सर्व तेव्हा त्यावर आणि आयोगाच्या इतर ॲपवर व्यवस्थित होत होते. आत्याचे नाव मला दोन मिनिटांत सापडले. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांसाठी घरून मतदानाची सोयही या निवडणुकीत होती, पण आत्या त्या वयोगटात बसत नव्हती. आपल्या मतदारसंघाची मतपत्रिका यंत्रावर जशी दिसणार तशीच, त्याच क्रमाने आणि चित्रांसह, आठ दिवस आधी ॲपवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या आकारात पाहायला मिळाली असती, तर मी या सेवेला पूर्ण गुण दिले असते. केंद्रावर समजावण्यासाठी नमुन्याचे यंत्र असते, पण त्यावर खरी नावे आणि खरी चिन्हे नसतात. बटण कसे दाबायचे हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. कोणते चित्र कोणाचे, हे शिकवावे लागते.

गुणांकन द्यायचे तर कर्मचारी आणि केंद्राची व्यवस्था पाच, यंत्र साडेचार, चिठ्ठीची पेटी तीन आणि मतपत्रिका दोन. घरातल्या वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांसाठी अनुभवातून एक सूचना करतो. ज्यांना दिसत नाही किंवा अशक्तपणामुळे बटण दाबता येत नाही, त्यांना अठरा वर्षांवरील सोबती आत नेण्याची मुभा नियमात आहे. सोबत्याला तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि एक सोबती दिवसभरात एकाच मतदाराला मदत करू शकतो. आत्याने ती मुभा नाकारली, कारण आपले मत आपणच द्यायचे असा तिचा हट्ट आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानापूर्वी मी वर्तमानपत्रात छापून आलेली सर्व प्रमुख चिन्हे कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवली, त्यात पिपाणीही घेतली, आणि तो पुठ्ठा पंधरा दिवस आत्याच्या खाटेशेजारी ठेवला. ती रोज दुपारी चष्मा लावून तो हातात घ्यायची. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तिने एकेका चित्रावर बोट ठेवून सर्वांची नावे मला सांगितली, आणि पिपाणीवर बोट आल्यावर म्हणाली, “ही लग्नातली. हिला फुकनारा न्हाई.”